श्याम, बहिणाबाई आणि 'शून्य निकाल'

पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीचा मागच्या महिन्यात मेसेज आला. विषय तिनं जवळजवळ ठरवलाच होता: किशोरवयीन मुलांच्या कादंबरीतलं संगीत आणि मानसिक आरोग्य. इंग्रजीत अशा कादंबऱ्या ढिगानं मिळतात. सोळा-सतरा वर्षांचं कुणीतरी असतं, आत काहीतरी तुटलेलं असतं, आणि गिटार किंवा पियानो त्याला धरून ठेवतो. मराठीत, त्यातही आपल्या जळगाव-धुळ्याकडे, असं काही लिहिलं गेलंय का, असा तिचा प्रश्न होता. तिनं सगळीकडे शोधून पाहिलं होतं. निकाल शून्य. खाली एक ओळ: "ताई, विषय बदलू का?"

तिला मी जे उत्तर दिलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बहुतेकांची गाडी याच जागी अडते.

मी मूळची विज्ञानाची. एम.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेत पहिली सवय लावतात ती ही, की उपकरणानं काहीच दाखवलं नाही तर आधी उपकरण तपासायचं. नमुन्यात पदार्थ नाही हा निष्कर्ष त्यानंतरचा. इतिहासात आपला शोधशब्द हेच उपकरण असतं. 'मानसिक आरोग्य' हा शब्द टाकून तुम्ही १९३० सालच्या खान्देशात शोधायला निघालात, तर शून्यच मिळणार. तेव्हा माणसं हा शब्द वापरत नव्हती. 'डिप्रेशन' तर नाहीच नाही. पण करमत नव्हतं, जीव लागत नव्हता, कुणी घोर लावून घेत होतं, कुणी हाय खात होतं, कुणी अंथरूण धरत होतं. हे सगळे शब्द आजही आपल्या घरात आहेत. आजीला विचारा, "अमका कशानं गेला?" ती म्हणेल, "पोरगा गेल्यावर त्यानं हाय खाल्ली." या वाक्यात कारण आहे, काळ आहे, परिणाम आहे. आपण त्याला माहिती म्हणून मोजत नाही, एवढंच.

मग सरकारी कागदांत बघू, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं होतं. तिथली गोष्ट अशी. मनोरुग्णांबाबतचा कायदा १९१२ सालचा, आणि त्याच्या नावातच वेडेपणा होता. तो थेट १९८७ च्या कायद्यानं बदलला, आणि आत्ताचा कायदा २०१७ चा आहे. महाराष्ट्रातली चार जुनी मनोरुग्णालयं म्हणजे नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं, आणि कुलाब्याहून रुग्ण हलवून येरवड्याचं सुरू झालं ते १९१५ मध्ये. नकाशा डोळ्यांसमोर आणा. खान्देशात यातलं एकही नाही. अमळनेर किंवा शिरपूरकडच्या माणसाला तिथवर नेणं म्हणजे रेल्वेचा प्रवास, पोलीस, मॅजिस्ट्रेटचा हुकूम. म्हणजे त्या नोंदवह्यांत कोण येणार? ज्याचा इतरांना त्रास झाला तो. जो गप्प बसून होता, जेवत नव्हता, रात्रभर छताकडे बघत होता, तो तिथे कधीच पोचला नाही. बायका तर आणखीच कमी. संख्याशास्त्रात याला नमुन्याचा पक्षपात म्हणतात. नोंदवह्या खोट्या नसतात, पण त्यांच्या चाळणीची भोकं ठरलेली असतात, आणि साधं, रोजचं, न बोललेलं दुःख त्यातून निसटून जातं.

ते निसटलेलं कुठे साठलं असेल? माझं उत्तर आहे: गोष्टीत आणि गाण्यात. आणि या दोन्ही बाबतींत खान्देश गरीब नाही.

गोष्टीपासून सुरू करू. पांडुरंग सदाशिव साने हे कोकणातल्या पालगडचे, जन्म २४ डिसेंबर १८९९. ते अमळनेरला आले ते तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला. १९२४ मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, मग तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. म्हणजे शिक्षक म्हणून उणीपुरी सहा वर्षं. या सहा वर्षांवर मी खूप रेंगाळले आहे. छात्रालयातली मुलं दहा ते सतरा वयाची, आसपासच्या खेड्यांतून आलेली. घर सुटलेली. गुरुजी या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. छापील नाही, हस्तलिखित, आणि दैनिक! १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिकही सुरू केलं. आज कॉलेजात समुपदेशन कक्षाची पाटी लावलेली असते आणि दाराला कुलूप असतं. त्या छात्रालयाला पाटी नव्हती, पण घरची आठवण आलेल्या मुलासाठी रोज काहीतरी लिहून ठेवणारा माणूस होता. याला 'समुपदेशन' म्हणायचा मोह होतो. आवरा. त्या मोहाबद्दल पुढे बोलूच.

मग तुरुंग. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते आणि गुरुजीही. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं विनोबांनी दिली आणि गुरुजींनी ती उतरून घेतली. 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहे ती त्या लेखणीमुळे. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं.

आता हे पुस्तक आपण शाळेत 'संस्कारांचं पुस्तक' म्हणून वाचलेलं असतं. बक्षीस समारंभात मिळालेली प्रत घरात असतेच. संशोधक म्हणून ते पुन्हा उघडा आणि आशय क्षणभर बाजूला ठेवून फक्त रचना बघा. प्रकरणांना प्रकरण म्हटलेलं नाही, 'रात्र' म्हटलंय. अशा बेचाळीस रात्री. आश्रमात, रात्रीच्या वेळी, मोठा झालेला श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे कथा लहानपणाची, सांगणारा प्रौढ, ऐकणारे जवळचे, वेळ रात्रीची, आणि सांगणं रोज थोडं थोडं. गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली. ते तेव्हा शिकायला दूर होते, शेवटची भेट झाली नाही. लिहिलं त्यानंतर पंधरा वर्षांनी, कोठडीत, पाच दिवसांत. पंधरा वर्षं आणि पाच दिवस. या दोन आकड्यांमधलं अंतर हा मला संशोधनाचा खरा प्रश्न वाटतो. कथानकाबद्दल तर आपण दहावीपासून निबंध लिहितोच आहोत.

गुरुजींवर रडवेपणाची टीका त्यांच्या हयातीपासून झाली, आजही होते. मला ती टीका स्रोत म्हणून फार उपयोगाची वाटते. पुरुषानं, तेही शिक्षकानं, किती रडावं याची मर्यादा त्या काळात कुठे होती, ते टीका करणाऱ्यांच्या वाक्यांतून कळतं.

आता गाण्याकडे. गुरुजींचं एक काम फारसं कुणी वाचत नाही: 'स्त्री जीवन'. दोन भाग आहेत, बायकांच्या ओव्यांचा संग्रह. लहानपणी आईच्या जात्याजवळ बसलेला मुलगा मोठेपणी तीच गाणी गोळा करत राहिला. संगीत म्हटलं की आपल्याला मैफल, तानपुरा, स्पर्धा आठवते. पण खान्देशातल्या बहुतेक बायकांच्या वाट्याला आलेलं संगीत म्हणजे पहाटेचं जातं. दगड फिरतो त्याची एक घरघर असते, खुंट्याला धरलेल्या हाताचा एक फेर असतो, आणि ओवीची लांबी त्या फेराशी बांधलेली असते. घर झोपलेलं असतं. दुसरी बाई समोर असेल तर ती पुढची ओवी उचलते. दिवसभर जे बोलता येत नाही ते इथे बोलता येतं, कारण हे बोलणं नसतं, हे दळण असतं. सासूनं ऐकलं तरी ती काय म्हणणार? गाणंच तर आहे.

बहिणाबाई चौधरी याच जात्यावरच्या. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न, तिसाव्या वर्षी वैधव्य, पदरी तीन मुलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ऐकून जे टिपलं तेवढंच आपल्याकडे आहे. त्या गेल्या ३ डिसेंबर १९५१ ला. 'बहिणाबाईंची गाणी' पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटानं ती गाणी घरोघरी नेली. आणि २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, म्हणजे तुमच्यातल्या अनेकांच्या पदवीवर लिहिता न येणाऱ्या बाईचं नाव असणार आहे. मला हे फार आवडतं.

त्यांची 'मन' ही कविता तुम्हाला पाठ असेल. मनाला त्यांनी उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली आहे, कितीही हाकला तरी परत येणाऱ्या. इथे एम.ए. मानसशास्त्रवाल्यांचे डोळे चमकतात. "हे तर नको असताना पुन्हा पुन्हा येणारे विचार!" असेलही. पण जरा थांबा. ज्या बाईनं ही उपमा निवडली तिनं खरोखर ढोरं हाकलली होती. पिकात ढोर शिरणं म्हणजे तिच्यासाठी वर्षाचं नुकसान. उपमा कुठून आली हे कळलं की दुःखाचं मोजमापही कळतं. 'लक्षण' म्हणून तिचं भाषांतर केलं की नेमकं हेच मोजमाप हरवतं. वैधव्यानंतर ज्योतिष्याला दारी येऊ नको म्हणणारं त्यांचं गाणं आहे. तेही असंच वाचा. तिथे हतबलता दिसते की ठामपणा, यावर दोन तास वाद घालता येतो, आणि मी घातलेला आहे.

पण यात पद्धतीची एक मोठी अडचण आहे, आणि ती सिनॉप्सिसमध्ये स्वतःहून लिहा, नाहीतर समितीतलं कुणीतरी विचारतंच. आपल्याकडे आहेत ते शब्द. चाल नाही, श्वास नाही, जात्याचा आवाज नाही. शिवाय जे मुलाच्या कानावर पडलं आणि त्याला टिपावंसं वाटलं तेवढंच उरलं. आईनं मुलासमोर काय गायलं नसेल? हा प्रश्न मला सतत छळतो. गुरुजींच्या संग्रहालाही तो लागू आहे. पुरुषानं गोळा केलेल्या बायकांच्या ओव्या आहेत त्या. याला उतारा म्हणून दुसरा संग्रह शेजारी ठेवता येतो. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी पुढे त्यातल्या कित्येकींचं ध्वनिमुद्रण केलं, आणि २०१७ पासून हा ठेवा 'पारी'वर सगळ्यांना ऐकता येतो. त्यात पुणे जिल्हा आणि मावळपट्टीचा भरणा मोठा आहे, त्यामुळे खान्देशबद्दल थेट निष्कर्ष काढू नका. पण गाताना बाई कुठे थांबते, कुठली ओळ पुन्हा घेते, हे कानानं ऐकायला मिळतं. छापील पानावर ते नाही.

माझ्या आजीकडून ओव्या घ्यायला मी मोबाईल घेऊन बसले होते तेव्हाची गोष्ट. तिला दोनच आठवल्या. पिठाची गिरणी आली आणि जातं अंगणात पायरीसारखं पडलं, त्याला चाळीस वर्षं झालीत. मी नाद सोडला. दुपारी ती परातीत शेंगदाणे पाखडायला बसली, आणि हात गोल फिरायला लागल्यावर सात-आठ ओव्या एकापाठोपाठ आल्या. मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला. तेव्हा मुलाखतीची प्रश्नावली करण्याआधी मुलाखत कुठे, कोणत्या कामाच्या वेळी घ्यायची ते ठरवा.

आता त्या मोहाबद्दल. ११ जून १९५० ला साने गुरुजींनी स्वतः आपलं आयुष्य संपवलं. वय पन्नास. हे सर्वज्ञात आहे, आणि त्यांच्यावर लिहिणारा प्रत्येक जण इथे येऊन अडखळतो. काही जण एका ओळीत पुढे जातात. काही जण 'हळवा स्वभाव' म्हणतात. आणि आपल्यासारखे नवे लोक, चार पेपर वाचून, निदान करतात.

मी केलं होतं. माझ्या पहिल्या मसुद्यात एक पूर्ण प्रकरण होतं, त्यात मी त्यांच्या पुस्तकांतून 'लक्षणं' वेचून तक्ता केला होता. रंगीत. समितीतल्या एका बाईंनी शांतपणे एवढंच विचारलं, की ते १९५० नंतर तीस वर्षं जगले असते तर यातली कोणती वाक्यं तू वेचली असतीस? मला उत्तर देता आलं नाही. आलेखाचा शेवटचा बिंदू माहीत असला की आपण आधीच्या सगळ्या बिंदूंमधून त्याच्याकडे जाणारीच रेघ काढतो. त्यात अमळनेरची धावपळ गळते. १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन गळतं, १९३८ मध्ये अमळनेरहून काढलेलं 'काँग्रेस' साप्ताहिक गळतं. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या मोर्चांत म्हणायला रचलेली गाणी गळतात. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ पासून केलेलं उपोषण आणि १९४८ च्या १५ ऑगस्टला सुरू केलेलं 'साधना'ही गळतं. पुतणी सुधाला लिहिलेली 'सुंदर पत्रे' तर अखेरच्या काळातली. त्यांत फुलं, पाखरं, पाऊस, पुस्तकं असं सगळं आहे. दुःखी माणसाचे सगळे दिवस दुःखी नसतात. माझ्या तक्त्यात या दिवसांना रकानाच नव्हता.

शिवाय मेलेल्या माणसाची संमती घेता येत नाही, तपासणी करता येत नाही, आणि त्याला "तुमचं चुकतंय" असं म्हणता येत नाही. डॉक्टरांनाही समोर रुग्ण लागतो. आपण तर डॉक्टर व्हायच्या रांगेतले, तेही दुसऱ्या अर्थानं.

याचा अर्थ विषय टाळायचा असा नाही. काय लिहिता येतं? काळ लिहिता येतो. १८६० च्या दंड संहितेतलं कलम ३०९ बघा. जीव देण्याचा प्रयत्न हाच गुन्हा. २०१७ च्या कायद्यानं अशा माणसाला तीव्र ताणाखाली धरून शिक्षेपासून वाचवलं, आणि १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली तेव्हा ते कलमच गेलं. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं, मनात असं काही येतंय हे मोठ्यानं म्हणायलासुद्धा माणसं घाबरणार. घरचे लपवणार, वर्तमानपत्रं शब्द फिरवणार. 'आत्महत्या' या शब्दात 'हत्या' आहे आणि आपण सर्रास 'केली' म्हणतो, जशी चोरी केली. स्रोत गप्प का आहेत, त्याचं एक कारण इथे सापडतं, आणि ते तारखेनिशी दाखवता येतं. निदानापेक्षा हे काम अवघड आहे. पण टिकतं.

'कोसला'चं नाव घेतल्याशिवाय खान्देशातला कुणी मला सोडणार नाही. सप्टेंबर १९६३, देशमुख आणि कंपनी. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, पुस्तक आलं तेव्हा पंचविशीतले. नायक पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, त्याची धाकटी बहीण मनी जाते, आणि तो मोडून गावी परततो. एक पांडुरंग कोकणातून खान्देशात आला आणि मुलांसाठी लिहीत राहिला, दुसरा खान्देशातून पुण्याला गेला आणि त्याला कुणाशीच बोलता येईना. तीस वर्षांच्या अंतरानं आलेल्या या दोन पुस्तकांत घर सोडून शिकायला गेलेला मुलगाच मध्यभागी आहे. वसतिगृह हा त्यांना जोडणारा धागा पकडून कुणीतरी लिहायला हवं. मी लिहिणार नाहीये, विषय मोकळा आहे, घ्या.

तर त्या मुलीला मी काय लिहिलं? विषय बदलू नकोस, शब्द बदल. 'किशोर कादंबरी' ऐवजी वसतिगृहातल्या मुलांसाठी लिहिलेलं साहित्य बघ. 'संगीत' ऐवजी ओवी, प्रार्थना, मोर्चाची गाणी घे. 'मानसिक आरोग्य' ऐवजी त्या त्या वर्षी लोक काय म्हणत होते त्याची एक वही कर, डाव्या बाजूला शब्द, उजवीकडे कुठे आणि कधी सापडला ते. काळ १९२४ ते १९५२ धर, अमळनेरच्या छात्रालयापासून 'बहिणाबाईंची गाणी' छापून येईपर्यंत. यात धुळ्याचा तुरुंग येतो, जळगावचं चौधरी वाड्यातलं जातं येतं, आणि अत्रेही येतात, कारण बहिणाबाईंना प्रस्तावना लिहिणाऱ्या याच माणसानं १९५३ मध्ये 'श्यामची आई' चित्रपट काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. दोन आया, एक संपादक. यावर एक प्रकरण सहज होईल. धुळ्याला गेलीस तर राजवाडे संशोधन मंडळात एक दिवस काढ. आपल्या विषयाचं तिथे काही मिळो न मिळो, कागद कसा हाताळतात ते दिसतं.

तिचं उत्तर रात्री उशिरा आलं. वही सुरू केलीय म्हणाली, आणि पहिला शब्द आईकडूनच मिळाला. शेवटी तिनं विचारलं, की हे सगळं वाचताना तुम्हाला स्वतःला जड होत नाही का? होतं. गुरुजींवरचं प्रकरण लिहिताना मी सलग तीन आठवडे नीट झोपले नव्हते आणि गाईडना सांगायलाही लाज वाटत होती. शेवटी १४४१६ ला फोन केला. टेलि-मानस, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलतात. नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, असं तिला कळवलं. आणि आईकडून मिळालेल्या शब्दासमोर तारीख टाकायला सांगितली.